जुन्या गाडीत ॲल्युमिनियमचा पत्रा जोडताना

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूरकडे जुन्या जीप-पिकअपमधून डाळिंब आणि औषधाचे ड्रम नेणाऱ्या सभासदांसाठी हा मेसेज.

हौद्याचा लोखंडी पत्रा सडला की बरेच जण ॲल्युमिनियमचा चेकर पत्रा टाकतात. हलका पडतो. पण खाली लोखंडी चॅनल, वर ॲल्युमिनियम आणि मध्ये ओल, एवढं जमलं की ॲल्युमिनियम खायला लागतं. जोडापाशी पांढरी भुकटी दिसते ती हीच. त्यात तेल्यासाठीचं बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड सांडलं तर तांब्यामुळे बारीक भोकं पडतात. ड्रम उतरवला की हौदा साध्या पाण्यानं धुवाच.

बसवताना चॅनलला प्रायमर आणि रंग मारा, मध्ये रबरी पट्टी घाला, रिवेट ॲल्युमिनियमचेच घ्या. पितळी वॉशर नकोत.

पत्र्याला पत्रा वेल्ड करायचा तर लोखंडाचा रॉड चालत नाही. ॲल्युमिनियम 660 अंशाला वितळतं, वरचा ऑक्साइडचा थर मात्र 2000 च्याही पुढे. शिवाय तापून लाल होत नाही, बघता बघता भोक पडतं. माझ्या मामांचा पत्रा असाच वाया गेला. आर्गॉन वेल्डिंगवाला गाठा, आधी स्टेनलेसच्या नव्या ब्रशनं जागा घासून घ्या. बॅटरीची वायर काढा, डिझेल टाकीजवळ ठिणगी नको.

स्टिअरिंग-ब्रेकचा तुटलेला ॲल्युमिनियम भाग मात्र वेल्ड करू नका, नवा टाका. वेल्डजवळ धातू मऊ पडतो.