मोकळ्या जागेचा भाव कोणाच्या पदरात?

प्लॉट दाखवणारा दलाल आधी सांगतो, "समोर बगीचा आहे, पुढे कोणी बांधणार नाही." तेवढ्यावर भाव चढतो. नियमाप्रमाणे मोठ्या ले-आऊटमध्ये किमान 10 टक्के जागा खुली सोडावी लागते. तिचा खर्च शेवटी घेणाराच भरतो. म्हणून दागिने मोडून प्लॉट घेणाऱ्या आमच्या भगिनींनी मंजूर नकाशा मागून पाहावा. समोरची जागा नकाशात खुली आहे, की नुसती आज रिकामी?

जंगलाचा हिशोब वेगळा. बुलडाणा-खामगाव दरम्यानचे ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे 205 चौरस किलोमीटरचे. 2019 मध्ये टिपेश्वरचा वाघ चालत येथे पोहोचला, जिल्ह्याचे नाव झाले. काठच्या गावांना मात्र रोही, रानडुक्कर आणि अस्वल यांच्याशी गाठ! अशा शिवारात घराला गिऱ्हाईक कोठून? त्यात जून 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षित वनाभोवती किमान 1 किलोमीटरचा संवेदनशील पट्टा सांगितला. एप्रिल 2023 मध्ये ती सरसकट अट शिथिल केली. मधल्या काळात बांधकामाचा बेत करणारा टांगणीला.

आणि आमच्या वस्त्या? गावकुसाबाहेर, गायरानाला लागून किंवा गायरानावरच. मोकळी हवा भरपूर, भाव शून्य. सातबारा सरकारचा, म्हणून घर विकता येत नाही, बँक कर्ज देत नाही. पडीक जमीन भूमिहीनांना मिळावी म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 व 1964 चे सत्याग्रह झाले, लाखो बंधू-भगिनी तुरुंगात गेल्या. पुढे 14 एप्रिल 1990 पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय 1991 मध्ये निघाला. घरांसाठी 2018 मध्ये 1 जानेवारी 2011 पूर्वीच्या अतिक्रमणांचे धोरण आले. पण 2011 च्या जगपाल सिंग निकालाने सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले होते, आणि 2022 मध्ये उच्च न्यायालयानेही गायरानांचा प्रश्न हाती घेतल्यावर घरोघरी नोटिसांची धास्ती पसरली. गायरान राखावे हे आम्हांस मान्य आहे. पण ज्यांना गावात जागाच दिली नाही, त्यांनी घर कोठे बांधायचे होते?

ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे. तरी त्याच्या नकला, कराच्या पावत्या, विजेची जुनी बिले एका पिशवीत जपा. तुम्ही तेथे कधीपासून राहता, हे दाखवायला तीच कामी येतात.