कालव्याची वाट, कडवंचीचा चढ

जालना म्हटले की बाहेरच्या माणसाला आठवतात त्या लोखंडी सळया, बियाण्यांच्या कंपन्या आणि मोसंबी. जरा जास्त माहिती असली तर तो दुष्काळाचा विषय काढतो. या जिल्ह्यात कोणी हौसेने सायकल घेऊन हिंडायला निघतो असे सांगितले, तर लोक त्याच्याकडे थोड्या काळजीनेच पाहतात. मलाही एकदा कालव्याच्या काठावर एका गृहस्थाने थांबवून विचारले होते, "गाडी बंद पडली का, भाऊ?" सायकलवर आलो आहे आणि काही कामासाठी आलेलो नाही, हे त्यांना पटवायला वेळ लागला. मग मात्र त्यांनी बसवून पाणी दिले आणि तासभर पाटाच्या पाण्याचे राजकारण समजावून सांगितले.

परदेशात या प्रकाराला आता मोठी प्रतिष्ठा आहे. इटलीत किआंतीच्या द्राक्षमळ्यांतून पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते जातात. ते डांबराखाली गडप होऊ नयेत म्हणून तिथल्या मंडळींनी १९९७ साली 'लेरोइका' नावाची जुन्या सायकलींची फेरी सुरू केली. आज जगभरातले लोक त्या धुळीसाठी पैसे मोजून येतात. फ्रान्समध्ये १६६६ ते १६८१ या काळात खोदलेला, सुमारे २४० किलोमीटरचा 'कनाल द्यु मिदी' आहे. त्याच्या काठाने कुटुंबेच्या कुटुंबे सायकलवर निघतात. द्राक्षांची चढउताराची जमीन आणि लांबलचक कालवा या दोन्ही गोष्टी आपल्या जालना जिल्ह्यातही आहेत. फरक इतकाच, की इथली द्राक्षे खाण्याची, आणि कालव्यातून नावा जात नाहीत, शेतीचे पाणी जाते. आणि माझ्या मते, पाहण्यासारखे आहे ते याच फरकात.

आधी कालवा. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ साली झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे लोकार्पण केले. या धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. पैठणहून निघून तो जालना जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने, अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतून, पुढे परभणीकडे जातो. वडीगोद्रीच्या परिसरात सोलापूर-धुळे महामार्ग ओलांडताना तो मोटारीतूनही दिसतो, पण दिसून काही कळत नाही. त्यासाठी काठावरच्या मुरमाच्या रस्त्याला लागले पाहिजे.

पहिली गंमत पायांना कळते. चढ लागतच नाही. मोठ्या कालव्याला किलोमीटरमागे साधारण वीतभरच उतार देतात. जास्त दिला तर पाणी काठ खाते आणि शिवाय उंची वाया जाते, म्हणजे तितकी जमीन भिजायची राहते. त्यामुळे कालवा सरळ रेषेत कधी जात नाही. टेकाड आले की वळसा घालतो, ओढा आला की त्याच्यावरून किंवा खालून वाट काढतो, पण आपली पातळी सोडत नाही. इंजिनिअर लोक कागदावर जी समपातळीची रेघ काढतात, तीच आपण चाकाखाली घेऊन चाललेलो असतो. सायकलवाल्याला याहून सोयीचा रस्ता कोण बांधून देणार!

दुसरी गोष्ट डोळ्यांना कळते, आणि ती इतकी गमतीची नाही. पाण्याच्या दिशेने निघाले की उजव्या हाताला, खाली गोदावरीपर्यंत, ऊस दिसतो. अंकुशनगरच्या समर्थ कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या हंगामात या भागात पदोपदी भेटतात. डाव्या हाताला, कालव्याच्या वरच्या अंगाला, तूर, कपाशी, नाहीतर मोकळे रान. माती तीच, पाऊस तोच, बहुधा आडनावेही तीच. मधे काही हातांचे पात्र. पाणी उताराने जाते. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला ते रोज दिसते, पण मिळवायचे तर मोटार लावून उचलावे लागते आणि त्याला परवानगी हवी. ज्यांनी मला थांबवले ते गृहस्थ वरच्या अंगाचे होते, हे सांगायला नकोच. खालच्या अंगाला असूनही शेपटाकडच्या गावांची तक्रार वेगळीच असते: आवर्तन सुटते, पण पाणी त्यांच्या चारीपर्यंत पोचेतो ते संपलेले असते. वर्तमानपत्रात 'सिंचनाचा अनुशेष' हे शब्द आपण वर्षानुवर्षे वाचतो. त्या शब्दांचा अर्थ मला कालव्याच्या काठाने वीस किलोमीटर गेल्यावर जितका कळला, तितका कुठल्या अहवालाने कळला नसता.

मुलांना बरोबर नेणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच, आणि जरा कडक शब्दांत. अस्तर केलेल्या कालव्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो. पाणी वरून संथ दिसते, पण आत पडलेल्याला काठ धरता येत नाही. पोहायला, हातपाय धुवायला उतरायचे नाही म्हणजे नाही. हा रस्ता मुळात पाटबंधारे खात्याच्या देखरेखीसाठी आहे. फाटक बंद असेल तर वाद न घालता मागे फिरावे.

आता कडवंची. हे गाव जालना शहरापासून वीसेक किलोमीटरवर, सिंदखेडराजाच्या बाजूला आहे. कालव्यापासून ते दूर, उत्तरेकडे. तेव्हा ही दुसऱ्या रविवारची सफर समजा. इथे पायांना चढ कळतो. माळ, टेकाडे, मधे ओढे, पुन्हा चढ. जमीन हलकी, मुरमाड. या भागात पाणी बाहेरून कुठूनही येत नाही. जे काही येते ते आभाळातून.

१९९६ साली इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून इथे काम सुरू झाले. विजयअण्णा बोराडे यांची मराठवाडा शेती साहाय्य मंडळ ही संस्था आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र त्यामागे होते. माथ्यावर सलग समतल चर, शेतात बांधबंदिस्ती, ओढ्यांवर बांध. म्हणजे इथेही समपातळीचीच रेघ! जायकवाडीच्या कालव्यात ती पाण्याला दूर नेते, कडवंचीच्या माळावर ती पाण्याला थांबवते. पुढे गावकऱ्यांनी शेततळी खोदली, प्लास्टिकचा कागद अंथरला, ठिबकच्या नळ्या टाकल्या आणि मुरमाड जमिनीवर द्राक्षे लावली. द्राक्षवेलीला मुळाशी पाणी तुंबलेले चालत नाही. ज्या जमिनीला आपण नावे ठेवत होतो तीच तिला मानवली.

या कामाची परीक्षा २०१२-१३ च्या दुष्काळात झाली. जायकवाडीचा उपयुक्त साठा जवळपास संपला होता. जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या आणि माणसांनी वीस-वीस वर्षांची झाडे तोडून सरपणाला दिली. कडवंचीच्या बागा त्या वर्षीही तगल्या.

याचा अर्थ सगळे आलबेल आहे असा नाही. शेततळे पावसाच्या, ओढ्याच्या पाण्याने भरले तर ती बचत. विहिरी उपसून भरले तर जमिनीखालचे पाणी वर आणून उन्हात ठेवल्यासारखे होते, आणि शेजाऱ्याची विहीर त्याची किंमत मोजते. शेततळ्यांची लाट जिल्हाभर पसरली तेव्हा कित्येकांनी कडवंचीचे तळे तेवढे उचलले, माथ्यावरचे चर विसरले. सायकल थोडी वर चढवली की हा हिशेब नजरेनेच करता येतो: आधी चर शोधावेत, मग तळी मोजावीत.

पाहायचे तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जावे. घड उतरवण्याची घाई असते, क्रेट भरले जात असतात, आणि बांधावर थांबलेल्या पाहुण्याला कोणी रिकाम्या हाताने जाऊ देत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की बाग ओळखू येत नाही. शिवाय ऊन सोसवत नाही. पावसाळ्यात मुरमाचा रस्ता चांगला राहतो, पण काळ्या रानात शिरलात की चिखल मडगार्डमध्ये असा बसतो की चाकच फिरत नाही. तिथली पोरे एक काटकी जवळ ठेवतात. आपणही ठेवावी. त्याहून मोठा शत्रू म्हणजे वेडी बाभूळ. कालव्याच्या काठाने ती माजली आहे आणि तिचा काटा जाड टायरलाही दाद देत नाही. पंक्चरचे सामान, पंप आणि माणशी तीन लिटर पाणी, एवढे हवेच. भारी सायकल मात्र मुळीच लागत नाही.

भारी सायकलीवरून आठवले. सकाळी दहाच्या सुमारास या रस्त्यांवर शाळेच्या गणवेशातल्या मुली सायकलवर दिसतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात, त्यांतल्या या. दप्तर कॅरिअरला, कधी मागे धाकटी बहीण, आणि खाली तोच मुरूम, ज्याच्यासाठी शहरातले हौशी आता खास टायर मागवतात. एका चढावर मी उतरून सायकल ढकलत होतो. त्यांतल्या दोघी शेजारून पुढे गेल्या, न उतरता, गप्पा न थांबवता.