८ अधिक ८ म्हणजे ८च! व्हीएफएक्स मशीनसाठी ग्राफिक्स कार्ड घेताना

ग्राफिक्स कार्डच्या व्हिडिओत वेळेअभावी एक किस्सा राहून गेला, तो इथे सांगतो. चूक माझीच होती, त्यामुळे मोकळेपणाने सांगता येईल.

२०२२ साल. दोघे भाऊ दुकानात आले. मुद्रा कर्ज मंजूर झालेलं, घरातल्या एका खोलीत व्हीएफएक्सचं काम सुरू करायचं होतं. वायर काढणे, रोटो, थोडं थ्रीडी. मी तेव्हा गेमिंगच्या मशीन जास्त विकायचो, त्यामुळे डोक्यात स्पीडचे तक्ते पक्के. त्यांना आरटीएक्स ३०७० ची दोन कार्डं बसवून दिली. वर ऐटीत म्हणालो, "८ जीबी अधिक ८ जीबी, १६ झाले की!"

नाही होत. रेंडर करताना प्रत्येक कार्ड पूर्ण सीनची स्वतःची कॉपी आपल्या मेमरीत भरतं. दोन कार्डांनी वेग वाढतो, पण सीन मात्र ८ जीबीतच मावायला हवा. दोन कार्डांची मेमरी जोडणारी एनव्हीलिंकची सोय ३००० सिरीजच्या गेमिंग कार्डांत फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला होती. ४००० सिरीजच्या गेमिंग कार्डांतून तर ती काढूनच टाकली.

तीन महिन्यांनी धाकट्याचा रात्री अकराला फोन. "दादा, ब्लेंडर म्हणतंय जीपीयूची मेमरी संपली." एका शॉर्टफिल्मसाठी वाड्याचं अंगण बनवलं होतं. २४० फ्रेम, डिलिव्हरीला चार दिवस. प्रोसेसरवर टाकलं तर एका फ्रेमला ५० मिनिटं. करा हिशोब, २०० तास! म्हणजे आठ दिवसांपेक्षा जास्त. पहिलं मोठं काम, आणि कर्जाचा हप्ता दारात उभा.

मेमरी खातं कोण? बहुतेक वेळा टेक्श्चर. ४०९६ बाय ४०९६ ची एक इमेज, चार चॅनेल धरले तर मेमरीत ६४ एमबी घेते. डिस्कवर तीच जेपीजी ५ एमबीची दिसते, म्हणून आपण फसतो. एका मटेरियलला रंग, रफनेस, नॉर्मल, डिस्प्लेसमेंट अशा चार इमेज धरा, झाले २५६ एमबी. तेच ८के केलं की एका मटेरियलला १ जीबी. यांनी मागच्या भिंतीच्या विटांनाही ८के लावलं होतं, जी पडद्यावर बोटभर दिसत होती!

त्या रात्री फोनवरच लांबच्या वस्तूंची टेक्श्चर २के वर आणली, म्हणजे प्रत्येक इमेज १६ एमबीची. सीन बसला, काम वेळेत गेलं. नंतर मी दोन्ही कार्डं परत घेऊन २४ जीबीचं एक ३०९० दिलं. थोडा तोटा मी सोसला, उरलेला फरक त्यांनी तीन हप्त्यांत दिला.

तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की माझा पहिला प्रश्न बजेटचा नसतो. "रेंडर कशात करतोस?" हा असतो. ऑक्टेन विंडोजवर एनव्हिडियाशिवाय चालतच नाही. ब्लेंडरचं सायकल्स एएमडीवरही चालतं. आणि तुमचं काम आफ्टर इफेक्ट्स किंवा न्यूकमध्ये रोटो-कॉम्पचं असेल, तर महागडं कार्ड बरंच रिकामं बसतं. तिथे रॅम आणि प्रोसेसर आधी.

थ्रीडी करणार असाल तर मेमरी आधी बघा, वेग नंतर. बजेट तंग असेल तर १२ जीबीचं ३०६० हे ८ जीबीच्या ३०७० पेक्षा हळू आहे खरं, पण मोठा सीन त्यावर निदान चालू तरी होतो. ४०६० टीआय घेताना १६ जीबीचंच मागून घ्या, त्याच नावाने ८ जीबीचंही मिळतं.

"सर, प्रोफेशनल काम आहे तर प्रोफेशनल कार्डच हवं ना?" हा प्रश्न नेहमीचा. आरटीएक्स ए४००० मध्ये १६ जीबी, मेमरीतली चूक पकडणारं ईसीसी, फक्त १४० वॅट, एकाच स्लॉटमध्ये मावणारं. आरटीएक्स ६००० एडामध्ये ४८ जीबी. मोठ्या स्टुडिओत एका मशीनमध्ये तीन-चार कार्डं लावतात, तिथे हे शोभतं. एकट्या माणसाला साधं जीफोर्स आणि त्यावर स्टुडिओ ड्रायव्हर पुरतो. तो फुकट आहे.

विजेचं गणित कोणी करत नाही. आरटीएक्स ४०९० एकटं ४५० वॅट ओढतं. रोज दहा तास रेंडर म्हणजे साडेचार युनिट, फक्त कार्डाचे. दहा बाय दहाच्या खोलीत तेवढीच उष्णताही. पॉवर सप्लाय ८५० वॅटच्या खाली नको, आणि नव्या कार्डांची १६ पिनांची केबल टक आवाज होईपर्यंत पूर्ण आत बसवा. अर्धवट बसलेले कनेक्टर वितळल्याची उदाहरणं आहेत.

जुनं कार्ड? इथेरियमचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडल्यावर बाजारात ढिगाने कार्डं आली. मायनिंगचं कार्ड वाईटच असं नाही. पण अर्धा तास रेंडर लावून तापमान बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय तिथे पक्कं बिल मिळत नाही. नव्या कार्डावर १८ टक्के जीएसटी असतो, तुमची नियमित नोंदणी असेल तर तो क्रेडिटमध्ये घेता येतो. म्हणजे जुन्याचा स्वस्तपणा वाटतो तेवढा राहत नाही. सीएला विचारा, चहा पाजा त्याला!

मागच्या महिन्यात धाकट्याचा परत फोन. "दादा, हुडिनीत पाण्याचं सिम्युलेशन फारच हळू चालतंय. दुसरं कार्ड घेऊ का?" म्हटलं, कार्डाची मेमरी किती भरते ते टास्क मॅनेजरमध्ये बघ. २४ पैकी ९ जीबी. पाण्याचं ते काम मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर चालतं, आणि याची रॅम ३२ जीबीच होती. म्हटलं, कार्ड राहू दे. आधी मशीन उघड आणि रॅमचे किती स्लॉट मोकळे आहेत त्याचा फोटो पाठव.