कापडाची बाळंतीण

डोळ्यांना कधीच दिसत नाही, ते बोटांना शिकवायचं कसं?

सुईणीच्या विद्येतला हा सगळ्यात अवघड प्रश्न. गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय, बाळाचं डोकं पुढे आहे की पाय, हे तिला बोटांच्या टोकांनी ओळखायचं असतं. त्यासाठी हात बसायला हवा. आणि हात बसेपर्यंत चुका होणारच. मग शिकाऊ मुलीनं पहिली चूक करायची कुणावर? कळा सोसणाऱ्या बाईवर?

अठराव्या शतकात फ्रान्समधल्या एका सुईणीनं याचं उत्तर चक्क सुईदोऱ्यानं शिवलं!

तिचं नाव अँजेलिक द्यु कुद्रे. पॅरिसमध्ये शिकून ती ओव्हेर्न्यच्या डोंगराळ मुलखात गेली. तिथल्या कितीतरी शिकाऊ बायकांना अक्षरओळखही नव्हती. त्यांच्यापुढे पुस्तक ठेवून काय उपयोग? म्हणून तिनं कापड, चामडं आणि कापूस घेऊन बाळंतिणीचा कमरेखालचा भागच बनवला, अगदी खऱ्या मापाचा. त्याला ती ‘यंत्र’ म्हणायची. दोऱ्या आणि पट्टे ओढले की जन्ममार्ग ताणला जायचा. सोबत नाळेसकट कापडाचं बाळ. जुळीसुद्धा!

त्या बाळाकडे जरा जवळून बघा. नाकाला उठाव दिलेला, कान शिवलेले, केस शाईनं रेखलेले. आणि तोंड? ते उघडं, बोट आत जाईल असं. आत जीभही! बाहुलीला जीभ कशाला?

खरी कमाल इथंच आहे. बाळ पायाळू असलं की धड आधी येतं, डोकं मागे राहतं. हनुवटी वर उचललेली असेल तर डोक्याचा सुमारे ११.५ सेंटिमीटरचा व्यास वाटेत येतो. तीच हनुवटी छातीला टेकली की उरतात ९.५ सेंटिमीटर. डोकं तेवढंच, पण वाटेत चक्क दोन सेंटिमीटरची सवड! कासार बांगडी भरताना काय करतो? अंगठा तळहातात दुमडून हात चेपतो आणि अडलेली बांगडी सरकते. सुईण बाळाच्या तोंडात बोट घालून हनुवटी अलगद खाली आणायची, ती याचसाठी. ही हालचाल ऐकून कशी येणार? ती करूनच पाहावी लागते.

१७५९ मध्ये पंधराव्या लुई राजानं तिला देशभर शिकवण्याची सनद दिली. वय चाळिशीच्या पुढचं. तरी पुढची वीसहून अधिक वर्षं ती यंत्र घेऊन गावोगाव फिरली. एकेका ठिकाणी दोनेक महिन्यांचा मुक्काम. एकेक बाई यंत्रापुढे यायची, बाळंतपण करायची, चुकायची, पुन्हा करायची. बाळ कापडाचं, म्हणून चूक पोटात घालणारं! अशा ५,००० च्या आसपास बायका तिच्या हाताखाली तयार झाल्या, असा अंदाज आहे. आज आपल्या नर्सिंग कॉलेजातल्या मुलीही आधी बाहुलीवर हात बसवतात आणि मगच सिस्टरच्या देखरेखीखाली खऱ्या बाळंतिणीपाशी उभ्या राहतात.

तिचं एक यंत्र रूआँच्या वैद्यकीय संग्रहालयात आजही आहे. वरून फिकट गुलाबी कापड, टाके हाताचे. त्याचा एक्स-रे काढला तेव्हा आत काय दिसलं? एका तरुण बाईच्या कटीची खरी हाडं! जिचं नावही आपल्याला ठाऊक नाही, अशा त्या बाईनं परक्या बायकांच्या बोटांना वाट दाखवली होती.