फोटो कोणत्या क्षणाचा?

सीटी स्कॅनच्या टेबलावर रुग्ण उताणा झोपलेला असतो. हात डोक्यामागे, कोपराच्या घडीत सुई. काचेपलीकडे बसलेल्या तंत्रज्ञाची नजर मात्र फुप्फुसांवर नसते, ती पडद्यावरच्या एका छोट्या वर्तुळावर असते. हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीवर त्याने ते वर्तुळ बसवलेलं असतं. पंप सुरू होतो, सेकंदाला चार-पाच मिलिलिटर या वेगाने डाय शिरेत शिरतो आणि दहा-पंधरा सेकंदांत वर्तुळातला राखाडी रंग उजळू लागतो. ठरवलेली पातळी ओलांडली की श्वास रोखण्याची सूचना ऐकू येते आणि टेबल सरकतं. फोटो लवकर निघाला तर धमन्यांत डाय पोचलेलाच नसतो. उशीर झाला तर तो फुप्फुसं पार करून हृदयाच्या डाव्या बाजूला गेलेला असतो. हृदय अशक्त असेल तर सगळंच वेळापत्रक लांबतं.

फुप्फुसातली गुठळी शोधणाऱ्या या तपासणीत बरेच रुग्ण मदत करायची म्हणून छाती फुगवून जोराचा श्वास घेतात. साध्या एक्स-रेसाठी पूर्ण भरलेली छाती हवीच असते, त्यामुळे इथेही तसंच असणार असं त्यांना वाटतं. पण एकदम खोल श्वास घेतला की छातीतला दाब उतरतो आणि पोटाकडून येणारी मोठी शीर आपलं रक्त हृदयात भसकन ओतते. हातातून आलेल्या रक्तात डाय असतो, पोटाकडून आलेल्या रक्तात नसतो. दोन्ही मिसळली की डायचा प्रवाह मध्येच विरळ होतो आणि नेमक्या मोक्याच्या क्षणी धमन्या काळसर दिसतात. मग कधी गुठळीची खोटी शंका येते, कधी तपासणी पुन्हा करावी लागते. म्हणून जाणकार तंत्रज्ञ आधी एकदा सराव करून घेतो आणि बजावतो: जोर लावू नका, साधा श्वास घ्या आणि तिथेच थांबा.

फुप्फुसाच्या कुठल्याही फोटोला आधी हेच विचारायला हवं, की हा कोणत्या क्षणाचा? हाड जागच्या जागी असतं. फुप्फुसात दर मिनिटाला सुमारे चार लिटर हवा वायुकोशांपर्यंत जाते-येते आणि सुमारे पाच लिटर रक्त त्यांना वेढून पुढे निघून जातं. विश्रांतीत एखादी रक्तपेशी वायुकोशाभोवतीच्या केशवाहिनीत जेमतेम पाऊण सेकंद असते. निरोगी फुप्फुसात प्राणवायू घ्यायला तिला पाव सेकंद पुरतो, उरलेला वेळ शिल्लक असतो. ही शिल्लक आजारात खर्ची पडते. वायुकोश आणि रक्त यांच्यामधला पडदा जाड झालेल्या रुग्णाला बसल्या जागी काही जाणवत नाही, पण जिना चढताना रक्त वेगाने धावू लागतं, पेशीला मिळणारा वेळ घटतो आणि दम लागतो.

त्यामुळे ‘एक्स-रे स्वच्छ आहे, म्हणजे फुप्फुसं उत्तम’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. एक्स-रे आकार दाखवतो: न्यूमोनियाचा डाग, पाणी, मोठी गाठ. धमनीत गुठळी अडकली असेल तर त्या भागात हवा नेहमीसारखी खेळत राहते, बंद पडतं ते रक्त, आणि साध्या एक्स-रेत ते बहुधा दिसतच नाही. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच. गुठळी असूनही आकडा ९७ किंवा ९८ येऊ शकतो, कारण बाकीचं फुप्फुस बोजा उचलत असतं. अचानक दम लागला, छातीत कळ आली, एक पाय सुजला, तर चांगल्या आकड्याकडे पाहून घरी थांबू नये.

हवा आणि रक्त सगळ्या फुप्फुसात सारखंच पसरतं, ही समजूतही जुनी आहे. तिला धक्का बसला तो लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात. तिथे वैद्यकीय संशोधनासाठी सायक्लोट्रॉन होता आणि त्यातून किरणोत्सारी प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन-१५, मिळत असे. त्याचं अर्धायुष्य फक्त दोन मिनिटांचं, त्यामुळे सायक्लोट्रॉन जवळ असल्याशिवाय तो वापरताच येत नाही. जॉन वेस्ट आणि कॉलिन डॉलरी यांनी तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपात वापरला. निरोगी माणसाला ताठ बसवायचं, छातीवर मोजणीयंत्रं रोखायची, वायूचा एक श्वास घ्यायला लावून श्वास रोखून धरायचा आणि किरणोत्सार किती झपाट्याने उतरतो ते पाहायचं. वायू रक्तात शिरून वाहून जातो, म्हणजे उतार जितका तीव्र तितका तिथला रक्तप्रवाह जास्त. तळाशी आलेख झरझर उतरला. शेंड्याशी तो जवळपास सपाट राहिला. १९६०मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

कारण अगदी साधं आहे. फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब पाऱ्याच्या १५ मिलिमीटरच्या आसपास असतो. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर २० सेंटिमीटरचा स्तंभ. उभ्या माणसाचं फुप्फुस सुमारे ३० सेंटिमीटर उंच. कमी दाबाच्या नळाला वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते, तसंच रक्त शेंड्यापर्यंत कसंबसं पोचतं. हवाही खालीच जास्त जाते, पण तिच्यातला फरक रक्ताइतका मोठा नसतो. म्हणून शेंड्याशी रक्ताच्या मानाने हवा जास्त आणि तळाशी हवेच्या मानाने रक्त जास्त. मोठ्यांमधला क्षयरोग शेंड्याशी का ठाण मांडतो, याचं एक स्पष्टीकरण इथेच मिळतं: तिथे प्राणवायू भरपूर असतो आणि क्षयाच्या जंतूंना तो मानवतो. माणूस आडवा झाला की शेंडा आणि तळ यांच्यातला हा भेद बराचसा मिटतो आणि रक्त पाठीकडे ओढलं जातं.

हवा-रक्ताचं एक नातं त्याआधीच हाती आलं होतं. १९४६मध्ये स्वीडनच्या फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की प्राणवायू कमी झाला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. शरीराच्या इतर भागांत याच्या उलट घडतं. हवा न मिळणाऱ्या कोपऱ्यात रक्त पाठवून उपयोग नाही, म्हणून फुप्फुस ते दुसरीकडे वळवतं. गुठळीचं निदान याच गोष्टीच्या आधाराने होतं. कफाने श्वासनलिका बंद झाली तर हवा थांबते आणि मागोमाग रक्तही घटतं, हवेच्या आणि रक्ताच्या दोन्ही चित्रांत एकाच जागी खड्डा दिसतो. गुठळी असेल तर हवेचं चित्र भरलेलं आणि रक्ताच्या चित्रात पाचरीसारखा तुकडा गायब.

ही दोन चित्रं शेजारी ठेवून पाहणारी तपासणी म्हणजे व्ही-क्यू स्कॅन. तिच्याबद्दल अनेकांना भीती वाटते. ‘किरणोत्सारी कण टोचून फुप्फुसातल्या नळ्या बंद करतात’ हे वाक्य ऐकल्यावर कोणाच्याही पोटात गोळा येईल. यात खरं किती? कण टोचतात हे खरं. ते अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनाचे गोळे असतात, बहुतेक १० ते ९० मायक्रॉनचे. केशवाहिनीची रुंदी आठेक मायक्रॉन, त्यामुळे ते तोंडाशीच अडकतात. पण टोचतात काही लाख कण, आणि तशा सूक्ष्म वाहिन्या असतात कोट्यवधी. हजारात एकही वाहिनी अडत नाही, आणि काही तासांत ते कण विरघळून जातात. गर्भवती, लहान मुलं आणि फुप्फुसाचा रक्तदाब फार वाढलेले रुग्ण यांच्यासाठी कणांची संख्या आणखी कमी ठेवतात.

इंजेक्शन देणाऱ्याचे हात पाहण्यासारखे असतात. कण तळाशी बसू नयेत म्हणून तो सिरिंज हळुवार उलटसुलट करतो. रुग्णाला आडवं झोपवलेलं असतं, कारण बसवून टोचलं तर कण गुरुत्वाने तळाकडेच जातील आणि शेंडा उगाच आजारी दिसेल. सुई शिरेत आहे ना, हे पाहण्यासाठी सिरिंजमध्ये रक्त ओढून घ्यायची सवय इथे मोडावी लागते. कण रक्तात मिसळून त्यांचे पुंजके झाले तर पडद्यावर नसते झगमगते ठिपके उमटतात. मग काही श्वासांच्या अवधीत औषध सावकाश आत जातं.

आणि इथे वेळेचा एक सुंदर खेळ आहे. कण पहिल्याच फेरीत, काही सेकंदांत, आपापल्या जागी अडकतात. गॅमा कॅमेरा नंतर निवांत १५-२० मिनिटं छातीभोवती फोटो काढतो, रुग्ण श्वास घेत असतो, खोकतोही. तरीही चित्र उमटतं ते इंजेक्शनच्या त्या क्षणी रक्त कुठे कुठे पोचलं होतं, याचं.

किरणोत्साराचा धाकही जरा मापून पाहावा. कणांना चिकटवलेल्या टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य ६ तास असतं, एका दिवसात सोळाव्या हिश्श्याएवढाच किरणोत्सार उरतो. पूर्ण तपासणीचा डोस सुमारे २ मिलिसीव्हर्ट, तर निसर्गातून माणसाला वर्षभरात जगभरच्या सरासरीने २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. घरी लहान बाळ असेल किंवा अंगावर पाजत असाल तर काही तासांची काळजी सांगतात, ती पाळावी. बाकीच्यांनी रुग्णाचं ताट-वाटी वेगळं करायचं कारण नाही. मुंबईत हे शास्त्र नवखंही नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून परळला आहे, आणि वाशीचं विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, म्हणजे ‘ब्रिट’, टेक्नेशियमचे जनरेटर पुरवतं. जनरेटरमधल्या मोलिब्डेनमपासून टेक्नेशियम सतत तयार होत राहतं. सकाळी ते काढून घेण्याला न्यूक्लिअर मेडिसिनची मंडळी ‘मिल्किंग’ म्हणतात आणि जनरेटरला ‘काऊ’.

सीटी आल्यावर हा स्कॅन मोडीत निघाला, असंही सर्रास म्हटलं जातं. तातडीच्या वेळी सीटीच हवा, तो मिनिटांत होतो आणि गुठळी प्रत्यक्ष दाखवतो. पण जुन्या, विरघळल्याविना राहिलेल्या गुठळ्यांनी हळूहळू फुप्फुसाचा रक्तदाब वाढतो, तेव्हा पारडं फिरतं. त्याच हॅमरस्मिथ रुग्णालयाच्या २००७च्या अभ्यासात असे रुग्ण ओळखण्यात व्ही-क्यू स्कॅनने ९७ टक्के गाठले, त्या काळच्या सीटीने ५१. सीटी तेव्हापासून बराच सुधारला आहे, तरीही युरोपीय मार्गदर्शक तत्त्वं या आजारात व्ही-क्यू स्कॅन करायला सांगतात. हा हट्ट नव्हे. फुप्फुसाच्या रक्तदाबाच्या प्रकारांमध्ये हा एक असा आहे, की योग्य रुग्णात शस्त्रक्रियेने धमन्या आतून साफ करून तो बरा होऊ शकतो. वर्षानुवर्षं ‘दमा आहे’ म्हणून इनहेलर ओढत बसलेल्या माणसासाठी ही साधी तपासणी आयुष्य बदलणारी ठरते.

एमआरआयला फुप्फुस दिसत नाही, हेही आता अर्धंच खरं आहे. नेहमीचा एमआरआय पाण्यातल्या हायड्रोजनवर चालतो आणि फुप्फुसात तर बहुतेक हवाच. त्यावर उपाय म्हणून झेनॉन-१२९ हा किरणोत्सार नसलेला वायू लेझरच्या साहाय्याने विशेष चुंबकीय अवस्थेत आणून श्वासाबरोबर देतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२मध्ये त्याला मान्यता दिली. त्याची खुबी अशी, की वायुकोशातला, पडद्यात मुरलेला आणि लाल पेशीत पोचलेला झेनॉन वेगवेगळ्या सुरात उत्तर देतो. श्वास रोखलेल्या दहा-पंधरा सेकंदांत लाल पेशींकडून येणारा संदेश हृदयाच्या ठोक्याबरोबर वर-खाली होतानाही दिसतो.

वायूशिवायही मार्ग निघाला आहे. रुग्ण सहज श्वास घेत असताना सेकंदाला काही फोटो असा एमआरआय चालू ठेवतात. श्वासाची लय साधारण चार सेकंदांची, हृदयाची एका सेकंदाची. भजनात टाळ आणि पखवाज एकत्र वाजत असले तरी कान दोन्ही वेगळे ओळखतो, तसं गणिताने या दोन लयी वेगळ्या काढल्या की एकाच चित्रमालेतून हवेचा नकाशा निराळा आणि रक्ताचा निराळा मिळतो. लहान मुलांसाठी हे वरदान आहे, त्यांना श्वास रोखून धर म्हणून सांगता येत नाही.

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला तर कुठल्याच यंत्रापर्यंत नेणं सोपं नसतं. तिथे यंत्रच त्याच्याकडे येतं: छातीभोवती १६ किंवा ३२ इलेक्ट्रोडचा पट्टा, त्यातून न जाणवणारा वीजप्रवाह, आणि सेकंदाला पन्नासपर्यंत चित्रं. हवा भरली की त्या भागातून वीज जायला अडथळा वाढतो, त्यावरून नकाशा बनतो. बारकावे त्यात धूसर असतात, पण वेळ अचूक असते. रक्तप्रवाह पाहायचा तर व्हेंटिलेटर काही सेकंद थांबवून मोठ्या शिरेतून मिठाचं दाट पाणी सोडतात. मिठाचं पाणी वीज सहज वाहू देतं, ते जिथे जिथे पोचतं तो भाग पडद्यावर क्षणभर वेगळा उठून दिसतो. फुप्फुसं घट्ट झालेल्या रुग्णाला चार-पाच जण मिळून पालथं करतात, नळ्या सांभाळतात, पट्टा नीट बसवतात. मग पडद्यावर पाहत राहतात. उताणं असताना पाठीकडचा जो पट्टा काळा होता, तो दर श्वासाला थोडा थोडा उजळतो आहे का, ते.