पोलीस ठाण्याचे काम कशावर मोजायचे? दक्षता समितीची बैठक हे आपल्या हातातले साधन

जिल्ह्यात अ‍ॅट्रॉसिटीचे गुन्हे कमी नोंदले गेले की पोलिसांचे काम उत्तम चालले आहे, असे मानण्याची सवय आपल्याकडे आहे. ही फूटपट्टीच चुकीची आहे. आकडा दोन कारणांनी कमी होतो. एकतर अत्याचार कमी झालेले असतात, नाहीतर फिर्यादच घेतलेली नसते. कागदावर दोन्ही सारखेच दिसते. नोंदवलेले गुन्हे वाढले म्हणजे गुन्हेगारी वाढली असे समजणे चूक आहे, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागही आपल्या वार्षिक अहवालात सांगतो. तरीही आकडा कमी दाखवण्याचे दडपण असले की पीडिताला ‘अर्ज देऊन जा, बघू’ असे सांगून परत पाठवले जाते. त्याची नोंद कुठेच राहत नाही.

मग मोजायचे काय?

याचे उत्तर कायद्यातच आहे. अनुसूचित जाती-जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायद्यातील दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिने कलम ४ मध्ये लोकसेवकाची कर्तव्ये एकेक करून लिहिली. तोंडी माहिती लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती फिर्यादीला वाचून दाखवायची. गुन्हा नोंदवायचा. नोंदवलेल्या माहितीची प्रत लगेच द्यायची. साठ दिवसांत तपास पूर्ण करून विशेष न्यायालयात दोषारोपपत्र दाखल करायचे आणि उशीर झाला तर कारण लेखी द्यायचे. अनुसूचित जाती-जमातीबाहेरील लोकसेवकाने ही कर्तव्ये जाणूनबुजून टाळली, तर सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद आहे. मात्र त्यासाठी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. २०१८ मध्ये आलेल्या कलम १८-अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही.

म्हणजे प्रत्येक ठाण्याला तीन साधे प्रश्न विचारता येतात. तक्रार आल्यापासून गुन्हा नोंदवायला किती दिवस लागले? साठ दिवसांत किती दोषारोपपत्रे गेली? उशिराची लेखी कारणे किती प्रकरणांत आहेत? या तीन उत्तरांवरून ठाण्याचे काम कळते. नुसत्या गुन्ह्यांच्या संख्येवरून ते कळत नाही.

विचारायचे कुठे?

१९९५ च्या नियमांतील नियम १७ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते. तिची बैठक दर तीन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे. आमदार, खासदार, पोलीस अधीक्षक आणि अनुसूचित जाती-जमातीचे अशासकीय सदस्य तिच्यात असतात. समाज कल्याण खात्याचे जिल्ह्यातील अधिकारी सचिव म्हणून काम पाहतात. पीडितांची मदत आणि खटल्यांची स्थिती यांच्याबरोबरच अंमलबजावणीची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्यांच्या भूमिकेचा आढावा घेणे हेही तिचे काम आहे. नियम १६ प्रमाणे राज्य पातळीवरची समिती मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली वर्षातून किमान दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, बसायला हवी.

छत्रपती संभाजीनगरसाठी ही समिती विशेष महत्त्वाची आहे. क्रांती चौक, छावणी, मुकुंदवाडी ही ठाणी पोलीस आयुक्तांकडे आहेत, तर पैठण, वैजापूर, कन्नड, सिल्लोड ही ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे. साहेब वेगळे, आढावा बैठका वेगळ्या. त्यामुळे एका बाजूची चांगली पद्धत दुसऱ्या बाजूला आपोआप पोहोचत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर मात्र दोन्हीकडची माहिती शेजारी शेजारी ठेवता येते.

समजा, एका ठाण्यात तपास अधिकारी पंचेचाळिसाव्या दिवशी फाइल उघडून जातीचा दाखला, वैद्यकीय अहवाल, जबाब यांतले काय राहिले ते तपासतो. तिथली दोषारोपपत्रे वेळेत जातात. दुसऱ्या ठाण्यात जातीच्या दाखल्यासाठीच तीन महिने निघून जातात. समितीने ठाणेनिहाय तक्ता मागितला तर हा फरक उघडा पडेल आणि पहिल्या ठाण्याची रीत दुसऱ्याला लावता येईल. जिल्ह्याची एकच बेरीज मांडली, तर दोन्ही ठाणी तिच्यात झाकली जातात.

उशिरा विचारण्याची किंमत

वेळेवर विचारले नाही तर काय होते, हे मराठवाड्याने परभणीत पाहिले. १० डिसेंबर २०२४ रोजी तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या आंदोलनात पकडलेले कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळवण्यासाठी त्यांच्या आईला आपल्या शहरातील खंडपीठात यावे लागले. तो आदेश जुलै २०२५ मध्ये आला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. एका गुन्ह्याच्या नोंदीसाठी सहा महिन्यांहून अधिक काळ गेला.

प्रत्येक ठाण्यात ध्वनीसह सीसीटीव्ही असावा आणि चित्रण शक्यतो अठरा महिने, निदान एक वर्ष जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजीच सांगितले आहे. त्यावर देखरेखीसाठी जिल्हा समिती नेमायलाही सांगितले आहे. आपल्या भागातल्या ठाण्याचे कॅमेरे चालू आहेत का, हे घटना घडण्याआधी विचारायचे असते.

आपण काय करू शकतो?

पहिले काम माहिती अधिकाराचे. समाज कल्याण कार्यालयाकडे दहा रुपये शुल्क भरून दक्षता समितीच्या मागच्या चार बैठकांच्या तारखा आणि इतिवृत्ते मागा. तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. वर्षात चार बैठका झाल्या नसतील, तर तोच पहिला मुद्दा.

दुसरे, समितीचे अशासकीय सदस्य कोण आहेत ते शोधा. पुढच्या बैठकीआधी वरचे तीन प्रश्न त्यांना लेखी द्या आणि पोच घ्या.

तिसरे, आपल्या विहारात एक वही ठेवा. कोण कोणत्या तारखेला ठाण्यात गेले, प्रत मिळाली का, साठावा दिवस कधी येतो, एवढेच लिहा. पीडितांची नावे बाहेर जाऊ देऊ नका. एखादा अधिकारी चांगले काम करीत असेल तर तेही त्याच वहीत लिहा आणि समितीला कळवा. चुका दाखवणे जितके गरजेचे, तितकेच नीट चाललेले काम शेजारच्या ठाण्यापर्यंत पोहोचवणेही.

मोर्चा काढण्याची वेळ आपल्यावर अनेकदा आली, पुढेही येईल. पण दर तीन महिन्यांनी होणारी एक बैठक कायद्याने आधीच ठरवून दिलेली आहे. तिथे आपले प्रश्न तारीख आणि आकड्यांसह पोहोचले पाहिजेत.