यंत्राचा सूर

संगणकाने रचलेली गाणी आता घरोघरी ऐकू येऊ लागली आहेत आणि त्यांबरोबर ‘यंत्राने संगीत मारले’ ही जुनी तक्रारही नव्याने उठली आहे. तक्रार करणाऱ्यांची कळकळ खरी आहे. त्यांचा रोख मात्र आमच्या मते चुकीच्या जागी आहे. पेटीचेच पाहा. ती परकी, तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दाराबाहेर काढले आणि ती बंदी सैल होण्यास तीसएक वर्षे जावी लागली. त्याच पेटीने गोविंदराव टेंबे यांच्या बोटांखाली मराठी रंगभूमीला काय दिले, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

या वादात जॉर्जिओ मोरोडर यांची साक्ष काढावी असे आम्हांस वाटते. लाकडी कोरीवकामासाठी प्रसिद्ध असलेल्या ओर्टिसेई या उत्तर इटलीतील डोंगरी गावी १९४० साली त्यांचा जन्म झाला. कर्तृत्व फुलले ते जर्मनीत. त्यांचे एक गाणे १९७२ साली ‘चिकोरी टिप’ या इंग्लिश मंडळीने मूग सिंथेसायझरच्या साथीने ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले. डोना समर या अमेरिकन गायिकेसाठी म्युनिकमध्ये केलेले गाणे १९७६ च्या आरंभी अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले.

पण खरी उलथापालथ केली ती १९७७ च्या ‘आय फील लव्ह’ने. गेल्या दशकांतील गायनशैलींची सफर घडविणाऱ्या तबकडीच्या शेवटी भविष्यकाळाचे एक गाणे हवे, म्हणून ते रचले गेले. मूग यंत्र कपाटाएवढे आणि तेही उसने आणलेले. त्याचा सूर काही सेकंदांत ढळे. म्हणून तुकड्या-तुकड्यांनी ध्वनिमुद्रण करावे लागे. रॉबी वेडेल या तंत्रज्ञाने टेपच्या एका पट्टीवर ठेक्याची खूण नोंदवून ठेवली आणि यंत्र त्या खुणेबरोबर अचूक चालविले. ही युक्ती नसती तर ते गाणेच उभे राहिले ना! आणि गंमत अशी, की यंत्रातून मोठ्या ड्रमचा मनाजोगता ठोका निघेना, तेव्हा कीथ फोर्सी हा वादक पायाने तो ठोका देत बसला. ज्याला जगाने निव्वळ यंत्रगान म्हटले, त्याचा ताल असा माणसाच्या पायात होता.

अमेरिकेत आधी तबकडीच्या मागील बाजूस टाकलेले हे गाणे तेथे सहाव्या क्रमांकापर्यंत गेले, ब्रिटनमध्ये चार आठवडे अग्रस्थानी राहिले. आमच्या हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर रात्री जे धडधडते, त्याचे बरेचसे मूळ या गाण्याच्या खर्जात सापडेल. त्याने झोपमोड होते ही तक्रार रास्तच आहे. पण ती रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकाविषयी आहे, संगीताविषयी नव्हे.

पुढे चित्रपट आले. ‘मिडनाइट एक्सप्रेस’, ‘फ्लॅशडान्स’ आणि ‘टॉप गन’ यांच्या संगीताने मोरोडर यांना तीन ऑस्कर मिळवून दिले. १९८० साली ‘ब्लाँडी’साठी केलेले ‘कॉल मी’ अमेरिकेत सहा आठवडे पहिले होते. ‘फ्लॅशडान्स’च्या गीताचे पारितोषिक शब्दांसाठी गायिका आयरीन कारा हिच्याबरोबर त्याच फोर्सीलाही मिळाले. ‘टॉप गन’चे गीत लिहिणारा टॉम व्हिटलॉक तर मोरोडर यांच्या मोटारीचे ब्रेक दुरुस्त करून देताना त्यांच्या परिचयाचा झालेला! वेडेलचे नाव मात्र आज किती जणांना ठाऊक आहे? यंत्राने माणसाला विस्थापित केले, अशी हाकाटी करणाऱ्यांनी यंत्रापाशी बसलेल्या माणसाचे श्रेय कोण गिळते, हे आधी विचारावे. संगणकाच्या गाण्यांबाबतही आमचा प्रश्न हाच आहे: ज्यांची गाणी ऐकवून त्याला शिकविले, त्यांच्या पदरात काय पडले?

२०१३ साली निघालेल्या आपल्या तबकडीसाठी ‘डाफ्ट पंक’ या फ्रेंच जोडीने मोरोडर यांचे आत्मकथन ध्वनिमुद्रित केले. त्यांच्यापुढे निरनिराळ्या दशकांतील मायक्रोफोन मांडले होते; ज्या काळाची हकीकत, त्या काळाचा मायक्रोफोन. ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तो फरक कळणार होता. तरीही ते मांडले होते.